उलट्या बाजूचा फोटो

मुलांच्या टीमचा फोटो काढायला मला बोलावतात, तेव्हा पहिला प्रश्न मुलांबद्दल कधीच नसतो. पहिला प्रश्न असतो, मागे काय दिसणार? इंदुरात इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरतेय, लग्नं केली, मुंजी केल्या, पासपोर्टचे तर ढीग लावले, पण बॅकग्राउंडवरून जेवढी भांडणं टीमच्या फोटोत केली तेवढी नवरीच्या आईशीसुद्धा केली नाहीत. क्रिकेटच्या कोचिंगवाल्याला मागे परदेशातलं स्टेडियम पाहिजे. बेटम्याच्या फुटबॉलवाल्या सरांना मागे शेत नको, म्हणे गाँव दिखेगा. अहो, गावच आहे ते, दिसेल नाही तर काय! एका शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी तर बजावलं होतं की पोरं घामेजलेली नकोत, आधी तोंड धुऊन पावडर लावू दे आणि मग जिंकल्याचा फोटो घ्या.

माझं म्हणणं सीधं असतं. ज्या मातीत पोरं आपटली ती माती मागे दिसली पाहिजे, आणि उजेड असा पाहिजे की आईनं फोटोवर बोट ठेवून म्हणावं, ही माझी. बाकी तुम्ही फ्रेमला सोनेरी पट्टी लावा की प्लॅस्टिकचे गुलाब चिकटवा, मला देणंघेणं नाही. एवढं बोललं की लोक म्हणतात, मॅडम बहुत अकडू है. आहेच मी. अकड नसती तर या लाइनीतल्या भिया, म्हणजे दादा लोकांनी मला केव्हाच नुसतं स्टँड धरायला उभं केलं असतं.

तर हे सांगतेय ते आमच्या मंडळाच्या खो-खोच्या मुलींबद्दल. मंडळ म्हणजे मराठी लोकांचं जुनं मंडळ: पुढे हॉल, बाजूला वाचनालय, ज्यात लोक फक्त पंख्याखाली बसायला येतात, आणि मागे मैदान. मंडळातल्या निम्म्या लोकांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्या पणजोबांच्या मिशा हे लोक अजून पिळत असतात. स्वतः कोणी बँकेतून रिटायर झालेला, कोणी शहराबाहेर राऊकडे प्लॉट विकतो, पण बोलणं असं की आत्ताच घोड्यावरून उतरलेत. मी त्यांच्यातलीच, म्हणून बोलू शकते. शाळेत असताना मी त्याच मैदानावर खो-खो खेळले. आता तिथे मुलींना शिकवते ती कोच माझी त्या वेळची जोडीदारीण. गुडघे तिचे फुटायचे आणि रडायची मी, अशी आमची जोडी.

यंदा या मुलींनी राज्यात पहिला नंबर काढला आणि त्या नॅशनलला जायला निघाल्या. मग काय, मंडळात एकदम जान आली. ज्या मैदानाकडे वर्षभर कोणी ढुंकून बघत नव्हतं तिथे आमचे सेक्रेटरी रोज सकाळी इस्त्रीचा कुर्ता घालून चक्कर मारायला लागले. ठरलं असं की मुलींना निरोप द्यायचा मोठा समारंभ करायचा, पाहुणे बोलवायचे, आणि गेटवर टीमचा मोठा फ्लेक्स लावायचा. फोटो काढायला मी. घरची मुर्गी, दुसरं कोण?

त्या टीममध्ये एक मुलगी होती, बारावीला असेल. टीमची सगळ्यात चांगली पळती. समोरची टीम पाठलागाला लागली की ही ओळीतून अशी आत-बाहेर निघायची की बघणाऱ्याची मान दुखावी, पण हिच्या पाठीला हात लागायचा नाही. राऊहून सिटी बसनं यायची. तिचे आजोबा महूच्या छावणीत होते, खरेखुरे फौजी, आणि त्यांच्या घरात मिशा पिळणारं कोणी नाही. आई एका प्रायव्हेट शाळेच्या ऑफिसात काम करायची, बाप नव्हता. आणि मुलीला कोड होतं. रंगानं ती चांगली सावळी, त्यामुळे डाग लांबूनसुद्धा दिसायचे. डाव्या डोळ्याभोवती एक, ओठाच्या कोपऱ्यात एक, हनुवटीवर, कपाळाच्या कडेला, आणि हातांची बोटं. लहानपणापासूनचे आणि हळूहळू वाढत गेलेले. टीममधल्या मुलींना त्याचं काही नव्हतं, त्यांना ती पळते केवढी एवढंच दिसायचं. मोठ्यांना मात्र आधी डाग दिसायचे.

फोटोच्या आधी तिची आई माझ्या स्टुडिओत आली. पासपोर्टसाठी बसलेलं एक गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसून राहिली. मग म्हणाली, टीमच्या फोटोत माझ्या मुलीचा चेहरा थोडा साफ करून द्याल का? कॉम्प्युटरवर होतं ना तसं.

मी तोंडाची फटकळ. ती काही घाण आहे का साफ करायला, असं बोलून गेले. बाई रडली नाही, चिडलीही नाही. तिनं मला विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का? मला एक मुलगा, तो पुण्याला. ती म्हणाली, मग तुम्हाला कळणार नाही. तुम्ही फोटो काढून घरी जाल. तो फ्लेक्स भर रस्त्यावर लागणार, तिकडून आमचे नातेवाईक जाणार, आणि उद्या कोणी स्थळ घेऊन आलं की कोणीतरी मोबाईलमधून तोच फोटो काढून दाखवणार. बोलणी माझ्या दाराशी येणार, तुमच्या नाही. डॉक्टर झाले, लेप झाले, वैद्य झाले, कोणी म्हणालं दूध बंद, तर दूध बंद, कोणी म्हणालं मासे बंद. आता निदान फोटोत तरी पोरीला सुखानं दिसू द्या.

तिचं खोटं नव्हतं. ती गेल्यावर मी तिचं स्टूल उगाच जोरात भिंतीला लावलं. राग आला होता, पण तिचा नाही. राग याचा आला की एवढी चांगली खेळणारी पोर आणि तिच्या आईला फोटोची धास्ती. मी कोणाचाही चेहरा बदलून देत नाही, हे माझं पक्कं होतं. पण मग आईचं काय करायचं, ते मला सुचेना.

सेक्रेटरींच्या मनातही तेच होतं, फक्त कारण वेगळं होतं. मुलीला काढा असं ते म्हणूच शकत नव्हते, तिच्या जिवावर तर राज्य जिंकलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की फ्लेक्सवर पाहुण्यांचं लक्ष भलतीकडे जायला नको. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, सेक्रेटरीसाहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. त्यावर ते हसले आणि चहा मागवला. ही त्यांची पद्धत. वाद आला की चहा मागवायचा.

तोड काढली ती कोचनं, माझ्या जोडीदारणीनं. तिला वाटलं सगळ्यांचंच भलं होईल. खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवर ओळीनं बसतात आणि एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. लागून बसलेल्या दोघींनी एकाच बाजूला तोंड करायचं नाही, हा खेळाचा नियम. कोच म्हणाली, आपण मुलींना खुर्च्यांवर बसवून नेहमीसारखा फोटो नको काढू या, खेळात बसतात तशाच बसवू. चौघींचे चेहरे दिसतील, चौघींच्या पाठी. आणि ती मुलगी पाठ असलेल्यांत बसेल. कोणाला काही कळणारसुद्धा नाही, खेळच तसा आहे. वर जर्सीच्या पाठीवर मंडळाचं नाव छापलेलं होतं, एवढ्या मोठ्या अक्षरांत. फोटोत ते नाव चार वेळा दिसणार हे ऐकून सेक्रेटरी खूश. क्या आयडिया है, एकदम ॲक्शन, म्हणाले. मुलीच्या आईला फोन झाला, तीही हो म्हणाली.

मी कोचला बाहेर ओढलं आणि विचारलं, तुला लाज नाही वाटत? ती म्हणाली, कशाची लाज, पोरीला त्रास नको, आईला घोर नको, आणि कोणाला कळणारही नाही.

"तिला कळेल," मी म्हटलं.

कोच बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. पण योजना तीच राहिली.

फोटोच्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन मैदान बघून आले. मैदान मला पाठ आहे, पण उजेड रोज नव्यानं बघावा लागतो. आमच्या मैदानाच्या दोन बाजू म्हणजे एक राणी आणि एक दासी. पश्चिमेला मंडळाची दगडी कमान, तिच्या बाजूला कडुनिंब, स्वच्छ, देखणी बाजू. पूर्वेला कंपाउंडची भिंत. ती भिंत आमच्या सफाईवाल्या शहराला शोभेल अशी रंगवलेली, एक हिरवा डबा आणि एक निळा डबा, दोघांना डोळे आणि हात काढलेले, दोघं हसतात, आणि वर मोठ्या अक्षरांत ओला कचरा कुठे आणि सुका कचरा कुठे ते लिहिलेलं. भिंतीमागे संडासाचं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर काळी पाण्याची टाकी. कोणताही फोटोग्राफर सकाळी तिथे आला तर आपण होऊन पूर्वेकडे जाईल, सूर्य पाठीशी घेईल आणि कमानीच्या बाजूला कॅमेरा धरेल. पुस्तकात पण तसंच शिकवतात. सगळ्यांना तसंच पाहिजे होतं.

मुली आल्या, ओळीत बसल्या. उरलेल्या दोन्ही खांबांपाशी उभ्या राहिल्या. बसलेल्या एक पाय पुढे, हात जमिनीला टेकलेले, आता खो मिळाला की उठणार अशा. ती मुलगी खांबापासून तिसरी, तोंड पश्चिमेला, म्हणजे माझ्याकडे पाठ. मी कॅमेऱ्यातून बघितलं. फोटो चांगला होता, हे खोटं कशाला बोलू? ऊन तिरपं, सोनेरी, समोरच्या चौघींच्या चेहऱ्यावर नीट पडलेलं, मागे कमान. मंडळाचं नाव चार वेळा. आणि चार पाठींतली एक पाठ इतर तिघींपेक्षा जास्त ताठ. बाकीच्या तिघी मान वळवून मधूनमधून हसत होत्या, काकू, झालं का, म्हणून विचारत होत्या. ही वळत नव्हती.

मी उठले. कोणाची कॉलर सारखी कर, कोणाच्या वेणीची रिबीन बघ, असं करत तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. तिला विचारलं, तुला कसा फोटो पाहिजे? ती म्हणाली, आई म्हणाली पाठ करून बस. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, मी तुला विचारून राहिले आहे. ती जमिनीकडे बघत राहिली.

"काकू, मी पळते तेव्हा सगळे माझ्याकडेच बघतात," ती म्हणाली. "तेव्हा कोणी पाठ कर म्हणत नाही."

बस. मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. मुलींना म्हटलं, कोणी हलू नका, नियम म्हणजे नियम, आहात तशाच बसा. मग स्टँड खांद्यावर टाकलं, पाटी ओलांडली आणि मैदानाच्या उलट्या बाजूला जाऊन उभी राहिले. मैदानाला दोन बाजू असतात. तोंड फिरवायला खेळाचा नियम आडवा येत असेल, पण फोटोग्राफरनं कुठे उभं राहावं याचा कोणताही नियम कोणी केलेला नाही.

सेक्रेटरी धावत आले. मॅडम, उधर कहाँ, उधर से तो कचरे की दीवार आएगी, संडास येईल, सूर्य समोर येईल, मुली काळ्या येतील. सगळं बरोबर होतं त्यांचं. सूर्य समोर आला की गोरा चेहरासुद्धा काळा निघतो, एवढं लहान पोराला कळतं. पण उन्हाचं एक आहे. त्या मुलीचा चेहरा मी आधी मैदानावर सरावाच्या वेळी कितीदा तरी टिपला होता आणि सरळ उन्हात तो मला कधी साधला नव्हता. डागांवर ऊन पडलं की ते पांढरेफक्क जळायचे आणि बाकी चेहरा काळोखात जायचा. उन्हात तिच्या चेहऱ्याचे दोन तुकडे व्हायचे. सावलीत तो एकच चेहरा असायचा. डाग तिथेच असायचे, लपायचे नाहीत, पण त्यांच्याबरोबर डोळेही दिसायचे, ती काय विचार करतेय तेही दिसायचं. म्हणजे जी बाजू सगळ्या जगाला उलटी, ती तिच्यासाठी सुलटी होती.

मी थोडी डावीकडे सरकले, आणखी थोडी, तोपर्यंत सूर्य बरोबर त्या काळ्या टाकीमागे गेला. मग हॉलमधली गादीवरची पांढरी चादर मागवली आणि बघायला आलेल्या दोघी लहान मुलींना माझ्या दोन्ही बाजूंना उभं करून ती मागे ताणून धरायला लावली. उन्हाचा उजेड चादरीवर पडून मऊ होऊन चेहऱ्यांवर परतला. सगळ्या पोरींच्या केसांना मागून उन्हाची कड आली. मागे हिरवा डबा आणि निळा डबा हात हलवत होते, त्यांना मी थोडं धूसर केलं, पण पुसलं नाही. याच भिंतीला टेकून या मुली पाणी पितात आणि इथेच बुटांतली माती झाडतात. तिला लाजायचं काय कारण?

चार चेहरे, चार पाठी. आधीसारखंच. फक्त आता तिसरी माझ्याकडे बघत होती. हसली नाही. पळायच्या आधी समोरच्या टीमकडे बघते तशी बघत होती. मी बटण दाबलं, परत दाबलं, परत परत दाबलं. आणि सांगते, त्या दिवशी कमानीच्या बाजूनं मी एकही फोटो काढला नाही.

सेक्रेटरींनी विचारलं, पहिल्या बाजूचा दाखवा. म्हटलं, नाही. नाही म्हणजे? नाही म्हणजे काढलाच नाही. मुली तोपर्यंत उठून पोह्यांवर तुटून पडल्या होत्या, पाहुण्यांच्या निमंत्रणाची धावपळ चालू होती, परत सगळ्यांना बसवणार कोण? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं मी मंडळाचा गणपती उचलून नेला. मग एकदम शांत झाले आणि चहा मागवला. तिथेच मला कळायला पाहिजे होतं.

फोटो देताना मी परत परत बजावलं की याच्यात काही बदलायचं नाही, हा असाच लागेल. हो हो म्हणाले. आणि मुलीच्या आईला मी स्वतः फोन केला. लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. सांगितलं, फोटो त्या बाजूनं काढलाय, चेहरा दिसतोय, मुलीला विचारून काढलाय. मग ती एवढंच म्हणाली की तुम्ही चांगलं नाही केलं. फोन ठेवून दिला. मला झोंबलं. कॅमेरा साफ करता करता मी त्या बाईशी मनातल्या मनात खूप भांडले, आणि भांडण दर वेळी तीच जिंकायची.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी मंडळात पोचले आणि गेटवरच थांबले. फ्लेक्स लागला होता. भिंत गेली होती. डबे गेले होते. मुली एका चकचकीत स्टेडियमच्या मधोमध बसल्या होत्या, वरून निळे दिवे, मागे हजारो माणसं. मी जपून मागून आणलेलं जे ऊन होतं ते पोरींच्या केसांत तसंच होतं, आणि स्टेडियमचे दिवे समोरून. सावल्या एकीकडे, उजेड दुसरीकडे. गाढवाला गुळाची चव कळते तेवढा उजेड त्या फ्लेक्सवाल्याला कळत असेल. सगळ्या मुली एक-एक छटा गोऱ्या केल्या होत्या. ते सगळं मी सहन केलं असतं, खरंच केलं असतं.

पण तिसऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर इस्त्री फिरवली होती. डोळ्याभोवतीचा डाग गेला, ओठाचा गेला, हनुवटी गुळगुळीत, बोटं एका रंगाची. नाक तिचं, डोळे तिचे, आणि तरी ती ती नव्हती. दुकानातल्या पुतळीला तिची जर्सी घातल्यासारखं दिसत होतं. पाठ करून बसवलं असतं तरी बरं होतं, निदान पाठ तरी तिची असती.

मी सेक्रेटरींच्या नावानं ओरडत आत निघाले, इतक्यात मुलींचा घोळका गेटातून आला. तो हसतखिदळत आला आणि फ्लेक्ससमोर गप्प झाला. ती मुलगी मधे होती. बाकीच्या तिच्याकडे बघेनात. कोच मागून आली, तिनं फ्लेक्स बघितला, आणि माझ्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. मैदानावर माळीबाबा समारंभाच्या आधी खेळाच्या रेषा नव्यानं मारत होते, पाहुण्यांना थोडा खेळ दाखवायचा होता म्हणून. त्यांच्या बाजूला बादलीत चुना कालवलेला होता. ती सरळ तिकडे गेली, बाबांना काय बोलली माहीत नाही, आणि बादली उचलून गेटवर आली. हॉलमधली एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. ती काय करणार ते माझ्या लक्षात आलं. मी जाऊन खुर्चीची पाठ धरली. मला तेवढंच येत होतं.

ती वर चढली. दोन बोटं चुन्यात बुडवली आणि त्या गुळगुळीत चेहऱ्याच्या डाव्या डोळ्याभोवती फिरवली. सावकाश, घाई नाही. आरसा नव्हता, तिला लागलाही नाही. मग ओठाचा कोपरा. मग हनुवटी, कपाळाची कड. मग फ्लेक्सवरच्या बोटांवर, एक-एक बोट करून. चुना थोडा ओघळायचा तर ती अंगठ्यानं कड सारखी करायची. खाली मुली बघत होत्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की मोबाईल काढले नाहीत.

सेक्रेटरी आले. कुर्ता कडक, तोंड लाल. पाहुणे निघालेत, गाडी येईल, हे काय बवाल चालवलंय, उतरव तिला, फ्लेक्स खराब केला, मंडळाची इज्जत, असं बरंच. त्यांनी खुर्चीकडे हात केला तेव्हा कोच मधे येऊन उभी राहिली. माझी ती जोडीदारीण, जी जन्मात कोणाला उलट बोलली नाही.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "माझी खेळाडू आहे ती."

सेक्रेटरी थांबले. चहा मागवायला त्या वेळी कोणी जवळ नव्हतं.

आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे सिटी बस थांबली आणि मुलीची आई उतरली. हातात प्रवासाला द्यायच्या चकल्यांचा डबा, अंगावर चांगली साडी. ती रस्ता ओलांडून येत होती. मी खुर्ची घट्ट धरली होती. मनात म्हटलं, आता ही पोरीला खाली खेचणार आणि मला सगळ्यांसमोर बोलणार, आणि मला ऐकून घ्यावं लागणार.

ती मुलीच्या मागे येऊन उभी राहिली. आधी तिनं फ्लेक्स बघितला. नुसता बघितला नाही, एक-एक जागा बघितली. वर्षानुवर्षं रोज रात्री त्या चेहऱ्यावर तिनंच लेप लावले होते, तिच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? मग तिनं मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मुलगी खुर्चीवर तशीच, चुन्याची बोटं वर धरलेली, आईकडे वळून बघत होती.

"कानाच्या पाळीवरचा राहिला," आई म्हणाली. "नवीन आहे तो. तुला दिसत नाही."

मुलीनं आपल्या कानाला हात लावला. मग बादली वाकून आईपुढे धरली. आईनं चकल्यांचा डबा माझ्या हातात दिला, बोट चुन्यात बुडवलं, टाचा उंचावल्या आणि फ्लेक्सवरच्या कानाच्या पाळीवर टेकवलं.